मागच्या सीटखालची बाई

"भोक नाही, स्क्रू नाही, वायरीला कात्री नाही," खरखर म्हणाला, "आणि तरी तुमची गाडी गाणार. अशी गाणार काका, की तुम्ही खाली उतरून शोधत बसाल, गवई कुठे दडलाय म्हणून."

"अशक्य," मिलिमीटर म्हणाले.

"पैज?"

"पैज!"

शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर, रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, असा हा प्रकार सुरू झाला. शिंपी आत मशीनवर बसून दोघांनाही चावी देत होता. त्याला कुणीही जिंकलं तरी चालणार होतं, कुणीतरी हरल्याशी मतलब.

खरखर म्हणजे गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा. वय बावन्न, पण अंगातली खोड बाराव्या वर्षातली. एकदा त्यानं पत्रपेटीत स्पीकर बसवून पोस्टमनला तीन दिवस खोकून दाखवलं होतं. चौथ्या दिवशी पोस्टमननं पेटीत खोकल्याच्या गोळ्या टाकल्या. दुकानात सदा एखादा रेडिओ अर्धवट उघडा पडून खरखरत असायचा, त्यावरून हे नाव. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे.

आणि मिलिमीटर म्हणजे ड्रॉइंग ऑफिसमधून रिटायर झालेले काका. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची पट्टी. चहा कपाच्या काठापासून पाच मिलिमीटर खाली हवा, चार चालत नाही. त्यांच्या आयुष्यात एकच चैन होती: बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, चार दारांची, साठ वर्षांची गाडी. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच्या तशी. नट तेच, काचा त्याच, आणि डॅशबोर्डातला रेडिओही तोच. तो फक्त "हंऽऽ" करायचा.

त्या "हंऽऽ"ला काकू वैतागल्या होत्या. "गाडीत गाणी तरी लावा, नाहीतर मी बसायची नाही," त्यांनी जाहीर केलं होतं. "तुमच्या शेजारी गप्प बसून बसून मला माझीच पचनक्रिया ऐकू यायला लागलीय."

म्हणून ही पैज. मिलिमीटरनी ती कागदावर उतरवली, कारण तोंडी गोष्टींना माप नसतं. अटी अशा: गाडीत कसलाही बदल न करता खरखरनं आवाज बसवायचा. तो कुठून येतो हे पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या आत मिलिमीटरनी स्वतः शोधून दाखवायचं. नाही दाखवलं तर मिलिमीटर हरले. त्याआधी खरखरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर खरखर हरला. जो हरेल त्यानं चौकापासून पोस्टापर्यंत गाडीच्या पुढे पायी चालायचं आणि दर दहा पावलांना तोंडानं हॉर्न वाजवायचा.

"कसला हॉर्न?" शिंप्यानं विचारलं.

"पों," खरखर म्हणाला.

"या गाडीचा हॉर्न 'पों' नाही, 'पीप' आहे," मिलिमीटर म्हणाले आणि तेही कागदावर लिहिलं.

खरखरनं दोन दिवस काम केलं, काकांच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या शेडचं दार आतून लावून. काम अवघड होतं. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, आणि भंगारवाल्याकडून आणलेला स्वस्तातला, तळहाताएवढा अॅम्प्लिफायर बारा व्होल्टचा. म्हणून त्याला वेगळी छोटी बॅटरी. किल्लीच्या वायरीला हात लावायचा नाही, म्हणून ती थेट जोडलेली. म्हणजे गाडी बंद, किल्ली खिशात, तरी आतला डबा आपला जागाच. पातळ फळीची एक पेटी, त्यात दोन स्पीकर, अॅम्प्लिफायर, बॅटरी, आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह. ती डिकीतून हात घालून, पाठीमागच्या फटीतून, मागच्या सीटखाली सरकवली. चारी बाजूंनी लोकरीच्या कापडाच्या पाचरी. एक ओरखडा नाही.

आणि जागा का हीच? कारण मिलिमीटरनी स्वतःच एकदा सांगितलं होतं, "मागची सीट साठ वर्षांत कुणी उचललेली नाही. मीही उचलणार नाही. उचलली की ती कारखान्याची राहिली नाही, माझी झाली." खरखर ते ऐकून मनातल्या मनात लोळला होता. माणूस जिथे हात लावायचाच नाही असं ठरवतो, तिथे हत्ती लपवला तरी सापडत नाही.

अॅम्प्लिफायरवर एक बारीक बटण होतं. त्याच्याखाली इंग्रजीत 'बीटी' लिहिलेलं. चाळीस वर्षं आवाजाच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला ते काय हे कुणी शिकवायला नको होतं. बीटी, म्हणजे बास-ट्रेबल. खरखरनं ते चालू करून वर चिकटपट्टी लावली. आवाजात जेवढा बास, जेवढं ट्रेबल, तेवढं चांगलंच.

मंगळवारी संध्याकाळी गाडी गायली. गाणं चालू-बंद करायचं छोटं बटण सीटच्या शिवणीत खोचलं होतं आणि ते फक्त काकूंना दाखवलं होतं. काकूंनी शेजारी बसून गुपचूप दाबलं, आणि सगळी गाडी सुरांनी भरून गेली. मिलिमीटरनी डॅशबोर्डाला कान लावला, दारांना लावला, छताला लावला. भिंग आणलं. पट्टी आणली. शेवटी गाडीखाली झोपले. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर कधी नव्हे तो आदर.

"अजून पाच दिवस आहेत," ते म्हणाले.

"शोधा की. मी काय पळून चाललोय?" खरखर म्हणाला.

बुधवारी दुपारी खरखर एका ट्रान्झिस्टरच्या पोटात डोकं घालून बसला होता. मिलिमीटर दुकानात आले आणि न विचारता स्टुलावर बसले. खिशातली पट्टी हातात होती, उलटी धरलेली.

"ही थट्टा बंद कर," ते म्हणाले.

"कसली?"

"बाईचा आवाज."

"गाणं असेल. बायकाही गातात, काका."

"गात नव्हती!" मिलिमीटरनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "मी एकटा शेडमध्ये. दारं बंद. किल्ली ही, माझ्या खिशात. पुढच्या सीटखाली मोजमाप घेत होतो. आधी टक् असा आवाज झाला. मग मागून, अगदी मानेजवळून, बाई म्हणाली, 'गप्प का गं? तो शेजारी बसलाय का?'"

खरखरनं सोल्डरिंगची गन खाली ठेवली.

"मी हललो नाही. मग म्हणते, 'बसलाय वाटतं. मग नुसतं ऐक.' आणि मग... माझ्याबद्दल बोलत होती रे. मला नाही, मागे बसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती. 'तो अजून चोरून गोड खातो का? बिस्किटांचा डबा कुठे लपवलाय ते कळलं का?'"

"तुम्ही डबा लपवता?"

"तो प्रश्न नाहीये!" मिलिमीटर ओरडले आणि लगेच आवाज खाली आणला. "हिला सांगू नकोस. डबा कुणालाही माहीत नाही. जगात कुणालाही. आणि मागच्या सीटवर, खरखर, कुणीही नव्हतं."

खरखरला आधी वाटलं, म्हातारा नाटक करतोय. आपल्या तोंडून जागा काढून घ्यायचा डाव. पण नाटक करणाऱ्याच्या कानामागे असा घाम येत नाही. पायरीवर येऊन शिंप्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं तोंडातली टाचणी काढली आणि शांतपणे विचारलं, "गाडी आधी कुणाची होती, काका?"

ते सगळ्यांनाच माहीत होतं. गाडी डॉक्टरीणबाईंची होती. बाई अकरा वर्षांपूर्वी वारल्या. चाळीस वर्षं त्याच गाडीतून पेशंट बघत फिरल्या. ड्रायव्हर पुढे, बाई मागे, आणि रस्त्यात ओळखीचा कुणी दिसला की काच खाली करून, "जीभ दाखव." निम्म्या गल्लीची साखर त्यांनी बंद केली होती.

"बाई मागेच बसायच्या," शिंपी म्हणाला. "डावीकडे."

"आवाज डावीकडूनच आला," मिलिमीटर म्हणाले.

उघड्या ट्रान्झिस्टरनं मध्येच खरखर केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरखर स्वतः शेडमध्ये गेला. बरोबर हिंमत आणि पकड घेऊन. पहिलं काम, डिकीतून हात घालून पेनड्राइव्ह उपसून काढला आणि खिशात टाकला. आता गाणंसुद्धा वाजायला नको, बोलणं तर दूरच. मग तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

शेडच्या फळ्यांतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या आणि त्यांत धूळ अगदी सावकाश फिरत होती. जुन्या चामड्याचा वास. पलीकडे स्वयंपाकघराची भिंत, त्यामागे कुठेतरी नळ ठिबकत होता. खरखरनं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी. पण डावीकडे सीटला एक खोलगट जागा होती, कुणीतरी वर्षानुवर्षं तिथेच बसल्यासारखी. ही जागा आपण आधी कशी पाहिली नाही, असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं की आत्ताही पाहायला नको होती.

टक्.

"हं," मागून बाई म्हणाली. "आलीस? बोलू नकोस, मलाच बोलू दे."

खरखरच्या हातातली पकड मांडीवर पडली.

"रात्री खोकत होता ना तो? म्हटलंच होतं मी." आवाज संथ होता, ठाम होता, आणि पार जमिनीखालून आल्यासारखा घुमत होता. "पायाला सूज आहे का बघ. बोटानं दाबायचं. खड्डा पडला की समजायचं."

खरखरनं, का कोण जाणे, वाकून स्वतःच्या पायाला बोट लावलं.

"आणि तो रेडिओवाला येतो का अजून? खरखर का कोण तो? त्याच्या हातात काही देऊ नकोस बाई. जिवंत वस्तू त्याच्याकडे गेली की मरते. मेलेली काही त्याला उठवता येत नाही."

एवढं ऐकून खरखर गाडीच्या खिडकीतून बाहेर आला. दार होतं, पण ते त्याला आठवलं नाही.

दुकानात येऊन त्यानं आधी पाणी प्यायलं, मग खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. आयुष्यभर त्यानं लोकांना घाबरवलं होतं. पत्रपेटी खोकली, आरसा शिंकला, एकदा तर हेडमास्तरांची खुर्ची हसली होती. पण प्रत्येक वेळी तार कुठून कुठे गेलीय हे त्याला ठाऊक असायचं. इथे तार नव्हती. पेनड्राइव्ह समोर पडला होता, आणि तिकडे बाई त्याचं नाव घेऊन बोलत होती.

"मेलेली उठवता येत नाही म्हणाली?" शिंप्यानं विचारलं. "मग तिला कुणी उठवलं?"

"तू शिव!" खरखर म्हणाला.

शुक्रवारी सकाळी काकू दुकानात आल्या. हातात कापसात गुंडाळलेलं काहीतरी.

"हे बघ रे जरा. आमच्या अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, पाठवलंय. कानात घालायचं, म्हणजे फोनवरचं कानातच ऐकू येतं, वायर नाही काही नाही. पण मेल्यातून आवाजच येत नाही. दोन दिवस झाले, अक्काचा रोज दुपारी फोन येतो, उचलते, आणि नुसती शांतता. मी आपली हॅलो हॅलो करत उभी, तेही तिला पोचत नाही."

"मग त्या काय म्हणतात?"

"अक्का? तिला समोरचा बोलला नाही तर बरंच वाटतं. तीस वर्षं दवाखान्यात मेट्रन होती ती. आपण ऐकायचं, ती सांगणार. तिला वाटतं हे शेजारी बसलेत म्हणून मी गप्प. रोज लिहून तेवढं कळवते मी तिला, यांचा खोकला, यांचं गोड खाणं."

खरखरनं कापसातलं यंत्र खाली ठेवलं. अगदी हळू.

"काकू, हे फोनला जोडलं कसं तुम्ही?"

"अक्कानं सांगितलं, फोनमध्ये नावांची यादी येईल, त्यातल्या नावावर टिचकी मार. मारली की. पहिलंच नाव होतं, त्याच्यावर."

खरखरनं फोन मागून घेतला. यादीत दोन नावं होती. दुसरं त्या कानातल्या यंत्राचं होतं, त्याला कुणी हातही लावला नव्हता. पहिल्या नावापुढे 'यापूर्वी जोडलेले' असं लिहिलं होतं, आणि नाव होतं 'बीटी ऑडिओ'.

"काकू," खरखरनं फोन त्यांच्यापुढे धरला, "बीटी म्हणजे?"

"ब्लूटूथ ना," काकू म्हणाल्या. "मला सुद्धा माहितीये."

खरखरनं कपाळ टेबलावर टेकवलं. मग सगळं सांगितलं, फक्त पेटीची जागा सोडून. काकू आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग स्टूल धरून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

"म्हणजे गेले दोन दिवस हे बिनसाखरेचा चहा पितायत, ते ह्यामुळे?"

"असणार."

"आणि आज पहाटे गुपचूप फिरायला गेले. बिस्किटांचा डबा रद्दीवाल्याला दिला, बिस्किटांसकट." काकूंनी फोन परत घेतला. "खरखर, तू काही बोलायचं नाहीस. डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले. मेलेली बाई सांगते तर ऐकतायत. रविवारपर्यंत राहू दे."

खरखरलाही ते बरंच वाटलं. सांगितलं तर पैज हरणार, शिवाय गावभर कळणार की आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला बीटी माहीत नव्हतं. पोस्टापर्यंत पीप करणं एक वेळ परवडलं असतं, हे दुसरं नाही.

"एका अटीवर," तो म्हणाला. "बीटीचं कुणाला सांगायचं नाही."

"माझ्या पोटात राहील," काकू म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी काकू पुन्हा आल्या. या वेळी धावत.

"ते गाडी विकतायत!"

"काय?"

"उद्या सकाळी नऊला माणूस येतोय. लग्नाला गाड्या भाड्यानं देतो तो, सजावटवाला. छत कापणार म्हणे! म्हणजे नवरा-नवरीला उभं राहून हात हलवता येतो." काकूंचे डोळे भरले होते. "मी म्हटलं, अहो, साठ वर्षांत हिच्यावर ओरखडा नाही. तर म्हणतात, छत उघडं झालं की तिला जायला वाट होईल. कुणाला, तर सांगत नाहीत. बसून राहिलेत पट्टी हातात घेऊन."

"तुम्ही सांगा ना खरं."

"सांगितलं रे मघाशी! म्हटलं, अक्काचा आवाज आहे तो. म्हणतात, माझी भीती घालवायला काहीही सांगतेस, दाखव यंत्र. कुठून दाखवू? ते कुठे ठेवलंयस मला काय माहीत!"

काकू गेल्या. खरखर दुकानाच्या फळीवर तसाच बसून राहिला. त्याला ते दोन दिवस आठवले. डिकीत अर्धा घुसून, श्वास रोखून, पाचर सरकवताना आतलं मूळ कापड घासू नये म्हणून त्यानं स्वतःचा मनगटाजवळचा केस न् केस सांभाळला होता. आणि आता त्या छतावर करवत. पण तोंड उघडलं की हरलो. खरखरनं विचार केला, आणि त्याच्या डोक्यात जे आलं ते त्याच्या डोक्यात येणारच होतं.

नऊला आलेला सजावटवाला रविवारी पावणेदहालाही शेडमध्ये गाडीभोवती फिरत होता आणि बोटानं छतावर कापायची रेघ काढून दाखवत होता. मिलिमीटर दाराजवळ उभे, एक पाय बाहेर. काकूंना खरखरनं आधीच सांगून ठेवलं होतं: फोन वाजला की उचलायचा आणि ठेवून द्यायचा ओट्यावर. शिंप्याच्या दुकानामागे उभा राहून त्यानं नंबर लावला, नाक दोन बोटांनी धरलं आणि आवाज शक्य तेवढा बायकी केला.

"गाडीऽऽ विकू नकोस," तो म्हणाला. "जीभ दाखव. छताला हात लावू नकोऽऽस."

पण त्या नाकात आठवड्याची सर्दी होती. शेडमधून मिलिमीटरचा आवाज गल्लीभर ऐकू आला.

"आता तर एक बाप्याही आलाय तिच्याबरोबर! घेऊन जा हो, आत्ताच्या आत्ता घेऊन जा!"

खरखर धावत गेला. त्याला वाटलं, निदान गिऱ्हाईक तरी पळालं असेल. सजावटवाला पळाला नव्हता. तो गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा होता आणि त्याचे डोळे चमकत होते.

"बोलते ही?" तो म्हणाला. "अहो, मग तर दुप्पट देतो! नवरदेव बसला की मागून 'जीभ दाखव'! लोक रांगा लावतील. करवत आणलीच आहे मी, इथेच थोडं उघडून बघू या, आत आहे तरी कोण?"

आणि त्यानं खरंच टेम्पोतून करवत काढली. मिलिमीटरनी तोंड फिरवलं. पट्टी खिशात ठेवायला गेले, तर ती खिशाबाहेर पडली आणि फरशीवर वाजली. ती उचलायला ते वाकले नाहीत. खरखरनं त्यांना इतकी वर्षं पाहिलं होतं. आपली पट्टी जमिनीवर सोडून उभा राहिलेला हा माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता.

मिलिमीटरच्या मनगटावरच्या घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती. सात मिनिटं गप्प बसलं की पैज जिंकली. करवत छताला टेकली.

"थांबा!" खरखर म्हणाला. "बाईबिई कुणी नाही. मीच आहे. मागच्या सीटखाली."

डिकी उघडून, खांद्यापर्यंत हात आत घालून त्यानं पेटी ओढून काढली आणि सगळ्यांसमोर फरशीवर ठेवली. काकूंनी अक्काला फोन लावला. टक् झालं, आणि पेटी म्हणाली, "काय गं, आज सकाळी सकाळीच? सूज उतरली का?"

मिलिमीटर पेटीजवळ गेले. मग गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "अक्का, उतरली."

"आजही गप्पच का गं? सूज उतरली का ते सांग!" पेटी म्हणाली. त्यांचं उत्तर तिला ऐकू जाणार नव्हतं, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

सजावटवाला करवत घेऊन गेला. जाताना पेटी तरी विकता का, असं विचारून गेला. शिंप्यानं पैजेचा कागद आणला आणि मोठ्यानं वाचला. "खरखरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर खरखर हरला. चला, निघा चौकात."

"आणि बीटी म्हणजे काय ते पण सांग की सगळ्यांना," काकू म्हणाल्या. त्यांच्या पोटात ते जेमतेम दोन दिवस राहिलं होतं.

खरखर मान खाली घालून निघाला. तेवढ्यात मिलिमीटरनी पट्टी उचलली, पुसली, आणि कागद शिंप्याच्या हातातून घेतला. पट्टी एकेका ओळीखाली धरत त्यांनी तो दोनदा वाचला.

"वरची ओळ वाचली नाहीस तू," ते शिंप्याला म्हणाले. "मी स्वतः शोधून दाखवीन, नाही दाखवलं तर मी हरलो. मी शोधलं? नाही. दहा वाजले? वाजले."

"अहो काका, सोडा ना," खरखर म्हणाला. "मी बोललो, मी हरलो. तुम्ही कशाला?"

"माप म्हणजे माप. तू हरलास ते खरं, मी हरलो तेही खरं."

"मग दोघं चालणार पुढे," शिंपी म्हणाला, "तर गाडी कोण चालवणार?"

"मी," काकू म्हणाल्या.

मिलिमीटर गर्रकन वळले. "तुला येते?"

"लायसन्स तुमच्याआधी काढलंय, माहेरी असताना. तुम्ही कधी विचारलंत का? आणा किल्ली. आणि हो, इतकी वर्षं शेजारी बसून बघतेय, तिसरा गिअर टाकताना तुम्ही डोळे मिटता."

चौकात ही गर्दी जमली. शिंप्यानं दुकान बंद करून सगळ्यांना गोळा केलं होतं. हिरवी गाडी, स्टिअरिंगला काकू, आणि पुढे दोन म्हातारे. एक म्हातारा, एक म्हातारा व्हायला आलेला. दहा पावलं झाली.

"पों!" खरखर म्हणाला.

"पीप," मिलिमीटर म्हणाले. "पीप लिहिलंय. पुन्हा."

"पीप!"

"थोडा वरच्या पट्टीत."

चौकातला ट्रॅफिक पोलीस शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. बसमधली माणसं खिडक्यांतून लोंबकळली. न्हाव्याच्या दुकानातून अर्धा गाल साबणानं माखलेला एकजण बाहेर आला आणि त्याच्यामागून वस्तरा हातात घेतलेला न्हावी आला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. दहा पावलं, पीप. दहा पावलं, पीप. खरखरनं हळूच शेजारी पाहिलं, तर मिलिमीटर पावलं मोजत होते, ओठ हलत होते, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसू होतं, फार नाही, पाच एक मिलिमीटर.

अखेर पोस्ट आलं. दोघं हाश्शहुश्श करत थांबले, कपाळ पुसलं, एकमेकांचा हात हातात घेतला.

गाडी थांबली नाही. काकूंनी काच खाली केली, शांतपणे तिसरा गिअर टाकला आणि दोघांच्या पाठीशी खराखुरा हॉर्न वाजवला.

"पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "मला अजून कालव्यापर्यंत जायचंय."